बाटलीतली हवा

अमेरिकेतली घरं लाकडाची असतात, हे आता तिकडे प्रत्येकाला माहीत झालेलं आहे. कुणाचा ना कुणाचा भाचा इकडे असतोच, आणि त्याने घर घेतलं की आत्या फोनवर हमखास विचारते, "अरे, पण वाळवी लागली तर?" वाळवीचं नंतर बघू. आज मला सांगायचंय ते त्या लाकडात ठोकलेल्या खिळ्यांबद्दल. एका साध्या घरात हजारो खिळे असतात, आणि ते हातोड्याने ठोकणारा सुतार आता शोधावा लागतो. घर बांधायला काढलं की गल्लीत दिवसभर 'फट् फट्, फटाक्' असा आवाज चालू असतो. तो खिळे मारायच्या बंदुकीचा. ही बंदूक हवेवर चालते. खाली अंगणात एक कॉम्प्रेसर धडधडत असतो, त्यातून एक लांबलचक रबरी नळी शिडीवरून छपरावर गेलेली असते, आणि वर एक मेक्सिकन गडी ती नळी पायात न येऊ देता उतारावर सराईतपणे फिरत असतो.

आपल्याकडे हायवेवरच्या अण्णाच्या पंक्चरच्या दुकानात जो कॉम्प्रेसर असतो तोच हा, फक्त जरा चकचकीत. गाडीच्या चाकात साधारण दोन-सव्वादोन बार हवा असते, या बंदुकीला सात बारच्या आसपास लागते.

पण कधी कधी दुरुस्तीचं काम चारच पत्र्यांचं किंवा दहा फुटांच्या एका पट्टीचं असतं. तेवढ्यासाठी कॉम्प्रेसर कोण उतरवणार? अशा वेळी काही कारागीर कमरेच्या पट्ट्याला एक छोटी बाटली अडकवतात, तिला हातभर नळी आणि नळीच्या टोकाला बंदूक. ना वीज, ना धडधड. दोन हजारच्या दशकात असे संच इथल्या हार्डवेअरच्या दुकानांत मांडलेले असायचे. हवा बाटलीत भरून बरोबर न्यायची आणि लागेल तिथे तिच्याकडून काम करून घ्यायचं, ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. तिला सव्वादोनशेहून अधिक वर्षं झाली आहेत आणि तिच्या इतिहासात बंदुका, बोगदे, कोळशाच्या खाणी, आगगाड्या असं सगळं येतं. मी राहतो त्या पिट्सबर्गला तर ती पुन:पुन्हा येऊन गेली आहे.

सुरुवात खऱ्याखुऱ्या बंदुकीपासून करू. बार्थोलोमेउस जिरांदोनी नावाच्या कारागिराने एक बंदूक बनवली आणि १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने ती घेतली. तिच्यात दारू नव्हती. बंदुकीचा दस्ता म्हणजेच हवेची लोखंडी टाकी! दस्ता फिरवून काढायचा, हातपंपाला लावायचा, आणि सुमारे दीड हजार वेळा पंप मारायचा. मग त्या टाकीवर तीसएक बार निघत. बाजूच्या नळीत वीसएक गोळ्या रांगेने बसत. ज्या काळात साधा शिपाई एक बार काढून पुन्हा दारू ठासत बसे, त्या काळात हा गडी धूर न करता, ठिणगी न पाडता एकामागून एक गोळ्या झाडू शके. शिपायाला जास्तीच्या भरलेल्या टाक्याही दिलेल्या असत. एक संपली की दुसरी लावायची, हे आज आपण ड्रिलच्या बॅटरीचं करतो तेच.

मग हिने जग का जिंकलं नाही? कारण साधं आहे. त्या टाक्या पत्रा वळवून, सांधा डाखून बनवलेल्या होत्या आणि झडपांना चामड्याचे वॉशर होते. सांधा गळायचा, चामडं वाळायचं. रणांगणावर दीड हजार वेळा पंप मारायला कुणाला सवड? १८१५ पर्यंत सैन्याने ही बंदूक बाजूला ठेवली. कल्पना चांगली, पण टाकी कच्ची. पुढची शंभर वर्षं ही तक्रार पाठ सोडत नाही, म्हणून लक्षात ठेवा.

अशीच एक बंदूक अमेरिकेत आली. मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क यांनी १८०४ ते १८०६ मध्ये पॅसिफिक महासागरापर्यंत जी प्रसिद्ध मोहीम केली तिच्यात लुइसकडे एक हवेची बंदूक होती. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती जिरांदोनीच्याच धर्तीची होती. वाटेत भेटणाऱ्या आदिवासी टोळ्यांपुढे तो ती चालवून दाखवायचा. तिचा पहिला पराक्रम मात्र पिट्सबर्गजवळचा आहे. ऑगस्ट १८०३ च्या अखेरीस लुइस बोट घेऊन ओहायो नदीने निघाला आणि तीन मैलांवर एका बेटापाशी थांबला. लोकांनी आग्रह केला म्हणून त्याने बंदूक चालवून दाखवली, मग एका बघ्याच्या हातात दिली. ती त्याच्या हातून चुकून सुटली आणि गोळी चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईची टोपी भेदून कानशिलाला चाटून गेली. बाई कोसळली, रक्त आलं, सगळ्यांना वाटलं गेली. पण ती वाचली. भरलेली टाकी मुकाट असते, तिच्या आत किती शक्ती बसली आहे हे बाहेरून दिसत नाही. हा धडा त्या दिवशी त्या बेटावर मिळाला होता, आणि तो आजही माणसं पुन्हा नव्याने शिकत असतात.

आता बोगद्यांकडे वळू. फ्रान्स आणि इटली यांच्यामध्ये आल्प्स पर्वताखालून बारा किलोमीटरहून लांब बोगदा खोदायचं काम १८५७ मध्ये सुरू झालं. हा फ्रेज्युसचा बोगदा, मोंसनीचा म्हणूनही ओळखला जातो. सुरुवातीला सगळं हातानेच. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, भोकात सुरुंगाची दारू ठासायची. या वेगाने पाव शतक लागेल असा हिशेब होता. जेर्मेन सोमेये या इंजिनिअरने १८६१ मध्ये तिथे दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिल यंत्रं आणली. बोगद्याच्या तोंडाशी डोंगरातून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर हवा दाबायची आणि नळातून ती मैलोगणती आत न्यायची. वाफेचं इंजिन आत नेलं असतं तर धुराने माणसं गुदमरली असती. हवेच्या ड्रिलचं उलट होतं. काम करून बाहेर पडलेली हवा माणसांनाच श्वासाला मिळायची! डिसेंबर १८७० मध्ये दोन्ही टोकं भेटली, सप्टेंबर १८७१ मध्ये बोगदा खुला झाला. सोमेये त्याच्या दोनच महिने आधी वारला.

त्याच वर्षांत आपल्या बोरघाटात काय चाललं होतं? १८५६ मध्ये घाटाचं काम निघालं, १८६३ मध्ये पहिली गाडी चढली. पंचवीस बोगदे, सगळे पहार, घण आणि दारूने. जानेवारी १८६१ मध्ये, म्हणजे तिकडे सोमेयेची यंत्रं सुरू झाली त्याच महिन्यात, घाटावर बेचाळीस हजार माणसं राबत होती. पटकी आणि तापाने किती गेली याचा नेमका हिशेब कुणी ठेवला नाही, इतिहासकारांचे अंदाज चोवीस-पंचवीस हजारांपर्यंत जातात. यंत्र महाग होतं, माणूस स्वस्त होता. खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरली की आपण लहानपणी ओरडायचो, तो दगड असा फोडलेला आहे.

असो. फ्रेज्युसमध्ये हवा नळातून येत होती. ती टाकीत भरून चाकावर घालायची पाळी आली गोथार्डच्या बोगद्यात. स्वित्झर्लंडमधला हा पंधरा किलोमीटरचा बोगदा १८७२ ते १८८२ या काळात झाला. आतला राडारोडा बाहेर काढायला इंजिन हवं आणि वाफेचं इंजिन आत जाऊ शकत नाही, अशी ही कोंडी. लुई फाव्र या ठेकेदाराच्या इंजिनिअरांनी तोडगा काढला. आधी त्यांनी साधंच इंजिन घेतलं, त्याच्यामागे एक लांब टाकी जोडली, टाकीत दाबलेली हवा भरली आणि वाफेऐवजी त्या हवेवर इंजिन पळवलं. पुढे खास हवेवरचीच इंजिनं बांधली. नळाची लांबी संपली तिथे टाकी उपयोगी पडली.

पण यंत्र आलं म्हणजे माणूस सुखी झाला असं समजू नका. आत उष्मा, डायनामाइटचा धूर, सांडपाणी. मजुरांना आतड्यातल्या जंतांनी पंडुरोग झाला. १८७५ च्या जुलैमध्ये गोशेनेनला मजुरांनी काम थांबवलं तेव्हा गोळीबार झाला आणि चार जण मेले. अधिकृत आकड्यांप्रमाणे बांधकामात सुमारे दोनशे माणसं गेली. खुद्द फाव्र १८७९ मध्ये बोगद्याच्या आतच हृदयविकाराने कोसळला. २९ फेब्रुवारी १८८० ला शेवटची भिंत फुटली, तेव्हा त्या भोकातून सगळ्यात आधी पलीकडे सरकवली ती एक पत्र्याची डबी. तिच्यात फाव्रचा फोटो होता.

टाकीवर गाडी चालते म्हटल्यावर ती शहरातही आली. लुई मेकार्स्की याच्या हवेवरच्या ट्राम फ्रान्समधल्या नांत शहरात १८७९ पासून १९१७ पर्यंत चालल्या. ना घोड्यांची लीद, ना कोळशाचा धूर. मात्र इथे एक अडचण आली, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही.

सायकलचा पंप जोराने मारला की त्याचं टोक गरम होतं, हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. हवा दाबली की तापते. ती उष्णता टाकीच्या भिंतीतून वाऱ्यावर जाते. आता तीच हवा सोडली की उलट होतं, ती थंडगार पडते. इतकी थंड, की तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ होऊन यंत्राचं तोंड चोंदतं. मेकार्स्कीने युक्ती केली. टाकीतली हवा इंजिनात जाण्यापूर्वी एका बंद भांड्यातल्या कडकडीत गरम पाण्यातून नेली. हवा तापली, फुगली, बर्फ तर गेलाच आणि शिवाय जोर वाढला. ट्राम थांब्यावर आली की हवेबरोबर गरम पाणीही भरून घ्यायची! रॉबर्ट व्हाइटहेडने १८६६ मध्ये बनवलेला पाणतीरही असाच टाकीतल्या हवेवर पळायचा, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्याही हवेत इंधन जाळून ती तापवायला लागले. समुद्राखाली काय किंवा नांतच्या रस्त्यावर काय, अडचण एकच.

आता पुन्हा पिट्सबर्ग. जॉर्ज वेस्टिंगहाउस हा विशीतला तरुण आगगाडीच्या ब्रेकच्या मागे लागला होता. त्या काळी मालगाडी थांबवायची म्हणजे ब्रेकवाल्या पोरांनी धावत्या डब्यांच्या टपांवरून उड्या मारत जायचं आणि प्रत्येक डब्यावरचं चाक हाताने फिरवायचं. पावसात, बर्फात, रात्री. किती पोरं घसरून चाकाखाली गेली त्याला गणती नाही. असं सांगतात की वेस्टिंगहाउसच्या हाती एक मासिक आलं आणि त्यात आल्प्सच्या बोगद्यातल्या हवेच्या ड्रिलवर लेख होता. तीन हजार फुटांवर हवा नळातून नेता येते, तर गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत का नाही? १८६९ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, त्याने हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं.

पहिल्या ब्रेकमध्ये टाकी एकच, इंजिनावर. तिथून नळीने हवा सगळ्या डब्यांना. नळी तुटली तर? ब्रेक गेला. नेमकी गाडी मध्ये तुटून मागचे डबे उतारावरून पळायला लागले की तेव्हाच ब्रेक नाही. १८७२ मध्ये त्याने हे सगळं उलटं केलं. प्रत्येक डब्याखाली एक स्वतंत्र टाकी बसवली. नळीतल्या हवेचं काम आता ब्रेक दाबायचं नाही, ब्रेक उघडा धरायचं. नळीतला दाब कमी झाला, मग तो ड्रायव्हरने केलेला असो, गाडी तुटल्याने असो, की कुणी साखळी ओढल्याने असो, झडप उघडते आणि डब्याखालच्या टाकीतली हवा त्या डब्याचा ब्रेक आवळते. माझ्या मते बाटलीतल्या हवेचा याहून मोठा उपयोग कुणी केलेला नाही. ज्या प्रसंगी बाहेरून काहीच येणार नाही, त्या प्रसंगासाठी शक्ती जागेवर भरून ठेवायची, हा तो विचार. १८९३ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला आणि टपावरून पळणाऱ्या पोरांचे दिवस हळूहळू संपले. आपल्याकडे रेल्वेने कितीतरी दशकं व्हॅक्यूम ब्रेक वापरले आणि हवेचे ब्रेक उशिरा आले. आता पुढच्या वेळी फलाटावर उभं असताना डब्याखाली वाकून बघा. आडवी नळकांडी दिसतात ना, तीच ती.

याच गावात एच. के. पोर्टर कंपनी हवेवरची छोटी रेल्वे इंजिनं बनवायची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढे बरीच वर्षं. गिऱ्हाईक होतं खाणी. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू साठतो आणि कोळशाची भुकटी हवेत तरंगत असते. तिथे एक ठिणगी म्हणजे सर्वनाश. डिसेंबर १९०७ या एकाच महिन्यात वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगा इथे अधिकृत आकड्याप्रमाणे ३६२ माणसं गेली आणि तेरा दिवसांनी पेनसिल्व्हेनियातल्या डार खाणीत २३९. दोन्ही जागा पिट्सबर्गहून फार लांब नाहीत. मेलेल्यांत हंगेरी, इटली, पोलंडहून नुकतीच आलेली पोरं पुष्कळ होती. घरी पैसे पाठवायला परदेशी आलेली. त्या भागातली जुनी दफनभूमी पाहिली की आपल्यासारख्या आगंतुकाला जरा वेगळंच वाटतं. हवेच्या इंजिनात ना आग, ना ठिणगी. दिवसातून काही वेळा नळाशी यायचं, पन्नास ते सत्तर बारने पोट भरून घ्यायचं आणि पुन्हा अंधारात जायचं. ते विजेच्या इंजिनापेक्षा महाग पडायचं, म्हणून सगळ्या मालकांनी ते घेतलं नाही. महाग यंत्र आणि स्वस्त माणूस हा हिशेब फक्त बोरघाटातलाच नव्हता.

हे सगळं होतं चाकांवरच्या टाक्यांचं. पट्ट्याला अडकवायची बाटली यायला दोन गोष्टी व्हाव्या लागल्या.

पहिली म्हणजे द्रवरूप वायू. फॅरडेने १८२३ मध्ये कार्बन डायऑक्साइड दाबाखाली द्रव करून दाखवला. फ्रान्समध्ये तिलोरियेने तो मोठ्या प्रमाणावर करायचं यंत्र बनवलं आणि १८३५ मध्ये त्याचा बर्फही मिळवला. पण भांडी बीडाची. डिसेंबर १८४० मध्ये पॅरिसमध्ये ओस्मिन एर्वी नावाचा तरुण साहाय्यक प्रयोगाची तयारी करत असताना भांडं फुटलं आणि त्यात त्याचा जीव गेला. पुन्हा तेच, कल्पना चांगली, टाकी कच्ची. दुसरी गोष्ट म्हणजे ही टाकी पक्की करणं. १८८५ च्या सुमारास जर्मनीतल्या मानेसमान बंधूंनी सांधा नसलेल्या पोलादी नळ्या बनवायची रीत काढली. तापलेल्या सळईला तिरक्या रुळांमधून पिळून मधोमध पोकळ करायचं. जिरांदोनीच्या दस्त्याला जो सांधा नडला होता, तो सांधाच आता उरला नाही. मग सोड्याच्या बाटलीची ती इवलीशी स्पार्कलेटची गोळी आली, बिअरचे पिंप आले, आग विझवायचे नळकांडे आले. हवेवरची खिळ्यांची बंदूक १९५० च्या दशकात बाजारात आली तेव्हा बाटली तयारच होती.

आता थोडं गणित, कारण इंजिनिअरला त्याशिवाय झोप येत नाही. एक लिटरच्या बाटलीत २०० बार दाबाने हवा भरली तर तिच्यात फार तर १०० किलोज्यूलच्या आसपास काम साठतं. एक लिटर पेट्रोलमधली ऊर्जा ३२,००० किलोज्यूल, म्हणजे तीनशे पट. शिवाय २०० बारवरून ७ बारवर आणताना रेग्युलेटरमध्येच जवळजवळ दोनतृतीयांश काम फुकट जातं. म्हणून हवेवरच्या मोटारीच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात आणि गुपचूप विरून जातात.

कार्बन डायऑक्साइड इथे बाजी मारतो. तो बाटलीत द्रव असतो, वरच्या रिकाम्या जागेत वाफ असते. वाफ वापरली की द्रव उकळतो आणि जागा भरून काढतो. घरातल्या गॅसच्या टाकीचं असतं तसंच. २० अंशांना दाब ५७ बार, शेवटचा थेंब असेपर्यंत जवळजवळ तोच. नऊ किलो द्रवापासून साधारण पाच घनमीटर वायू मिळतो. तेवढ्याच बाटलीत २०० बारने हवा भरली तर मिळेल पावणेतीन घनमीटर. मोठ्या खिळ्याला अंदाजे तीन लिटर धरले, तर नऊ किलोत सोळाशे खिळे. पट्ट्यावरच्या पाव किलोच्या बाटलीत मात्र जेमतेम पंचेचाळीस. म्हणून ती बाटली चौकटीच्या बारीक खिळ्यांना ठीक, अख्ख्या छपराला नाही.

आणि मेकार्स्कीची अडचण इथेही आहेच. द्रव उकळायला उष्णता लागते, ती बाटलीतूनच जाते. खिळे भराभर मारले की बाटलीवर दव जमतं, मग हिम, मग दाब पडतो. शून्य अंशाला तो ३५ बारच उरतो. उलट बाटली उन्हात ठेवली तर? ३१ अंशांच्या वर या वायूचा द्रव राहूच शकत नाही आणि दाब भराभर वाढतो. म्हणून बाटली कधी काठोकाठ भरत नाहीत. इथल्या नियमाप्रमाणे तिच्यात मावणाऱ्या पाण्याच्या वजनाच्या ६८ टक्केच वायू भरायचा, आणि व्हॉल्व्हवर एक पातळ चकती असते ती वेळ आली की आधी फुटते. बंद खोलीत ही बाटली गळली तर हा वायू हवेहून दीडपट जड, तळाशी साचतो आणि माणूस गुदमरतो. हे सगळं असल्यामुळे बंदुकांचे बरेच कारखानदार आपल्या माहितीपुस्तकात लिहितात की बाटलीतला कुठलाही वायू वापरू नका, फक्त कॉम्प्रेसरची हवा. बाटलीवाले म्हणतात, आमचा रेग्युलेटर आहे, काळजी नसावी. हा वाद कधी मिटला नाही.

पण एका गोष्टीवर वाद नाही, आणि तिच्यासाठीच मी एवढं लिहायला बसलो. ऑक्सिजन.

कामावर हवा संपलेली असते. कोपऱ्यात वेल्डिंगवाल्याची ऑक्सिजनची टाकी उभी असते. "हवेतही ऑक्सिजनच असतो की! दाब आहे ना? मग लाव." हे वाक्य अमेरिकेतही बोललं जातं आणि, खात्रीने सांगतो, भोसरी-अंबडच्या शेडमध्येही बोललं जात असणार. बंदुकीच्या आत तेल असतं. झडप उघडली की वायू झटक्यात दाबला जातो आणि तापतो. साध्या हवेत त्याने काही होत नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेच तेल भडका घेतं, आणि ते हातातल्या बंद लोखंडी भांड्यात. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जे होतं तेच, फक्त कैक पटींनी आणि तळहातात. अशा तऱ्हेने बंदूक फुटून माणसं जखमी झाली आहेत, मेलीही आहेत. हे होऊ नये म्हणून इथे प्रत्येक वायूच्या टाकीला वेगळ्या मापाचे आटे असतात. ऑक्सिजनचा ५४० नंबर, कार्बन डायऑक्साइडचा ३२०, नायट्रोजनचा ५८०. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्यावर बसतच नाही. तरी कुणीतरी हुशार माणूस लेथवर जोड कातून घेतो. आटे बसत नसतील तर ते तुम्हाला काहीतरी सांगताहेत, एवढं ओळखलं तरी पुरे. आपल्याकडे कपड्यावरची धूळ झटकायला ऑक्सिजनचा फवारा मारणारे फिटर असतात. तेही तितकंच वाईट. ऑक्सिजन मुरलेला कपडा एका ठिणगीने अंगावरच पेटतो.

आणि बंदूक नुसत्या हवेवर चालली तरी ती खेळणं नाही. २००१ ते २००५ या काळात अमेरिकेत वर्षाला सरासरी ३७,००० माणसं खिळ्यांच्या बंदुकीच्या जखमा घेऊन इस्पितळात गेली. त्यांत घरीच सुतारकाम करणारे हौशी लोकही पुष्कळ होते.

आज पट्ट्यावरच्या त्या बाटल्या कमी दिसतात. आधी १९८६ मध्ये आतल्या आत थोडा गॅस जाळून खिळा मारणारी बंदूक आली, आणि नंतर लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. वर काढलेल्या गणितात बॅटरी घाला म्हणजे कारण कळेल. ड्रिलच्या १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत तीन लिटरच्या २०० बार बाटलीइतकी ऊर्जा असते, ती गोठत नाही आणि भरायला दुकानात जावं लागत नाही.

तरी बाटली संपलेली नाही. इथला अग्निशमन दलाचा बंब कधी जवळून बघायला मिळाला तर बघा. जवानाच्या पाठीवर श्वासाच्या हवेची बाटली असते. तशीच आणखी एक बाटली, रेग्युलेटर आणि नळी लावून, ठेवलेली असते. तिच्यावर हवेची छिन्नी चालते, चेपलेल्या मोटारीचा पत्रा कापायला. आणि तिच्यावरच रबराची चपटी उशी फुगते. दोन फूट बाय दोन फुटांची उशी, आठ बार दाब, कागदावरचा जोर एकोणतीस-तीस टन. दोन बोटांच्या फटीत ती सरकवायची आणि ट्रक उचलायचा, खाली अडकलेला माणूस ओढून काढायचा. तिथे वीज असेलच असं नाही, पेट्रोल सांडलेलं असतं, ठिणगी चालत नाही, आणि कॉम्प्रेसर यायची वाट पाहायला वेळ नसतो. त्या बाटलीत असते तीच हवा जी आपण श्वासात घेतो. म्हणून कापता कापता ती सुटली तरी आत अडकलेल्याला तिचा त्रास होत नाही, आणि भडकाही उडत नाही.

ऊर्जेच्या हिशेबात हवेची बाटली पेट्रोलपुढे, बॅटरीपुढे हरते. पण खाणीतल्या पोराला, तुटलेल्या गाडीच्या शेवटच्या डब्याला किंवा ट्रकखालच्या माणसाला तो हिशेब लागू नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो की आत्ता, इथे, ठिणगीशिवाय जोर कोण देईल. तुमच्या ओळखीत कुणी वर्कशॉप चालवत असेल, फॅब्रिकेशन करत असेल, तर बाकी इतिहास नाही सांगितला तरी चालेल. ऑक्सिजनच्या टाकीचं तेवढं जरूर सांगा.